एसीच्या कामाला लायसन लागतं का?

किन्हवलीहून आसनगाव गाठून लोकलने कल्याण-ठाण्याकडे कामाला जाणारी मुलं आपण पाहतो. त्यातली काही एसी दुरुस्तीत शिरतात आणि विचारतात, 'याला लायसन लागतं का?'

घराच्या वायरिंगला शासनाचं वायरमन परमिट लागतं. एसी-फ्रिजच्या दुरुस्तीला मात्र असा वेगळा, सक्तीचा परवाना आपल्याकडे नाही. त्यामुळे कुणीही पाना घेऊन यंत्र उघडतो, आणि धोका तिथेच आहे.

बघा, एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती शोधायला दाबाने नायट्रोजन भरतात. त्याऐवजी हाताशी आहे म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन भरला, तर कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. नव्या घरगुती एसींमध्ये सर्रास असणारा आर-३२ गॅस तर स्वतःच पेटू शकतो. तो काढून घेतल्याशिवाय नळीला ज्योत लावायची नाही.

हे सगळं रीतसर शिकायचं तर दहावीनंतर आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा २ वर्षांचा ट्रेड आहे. पुढे १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन घेऊन उमेदवारी करता येते.

दोन वर्षं कमाईविना काढणं घराला जड जातं, हे आम्ही जाणतो. उस्तादाच्या हाताखाली लगेच चार पैसे मिळतात. तसं कामाला लागलेल्यांना एवढंच सांगू: नायट्रोजनचं सिलिंडर सोबत नसेल, तर गळतीचं काम त्या दिवशी घेऊ नका.