हृदयाचं घड्याळ बिनचूक का नसतं?

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा. नाडी लागली? आता सावकाश खोल श्वास घ्या आणि तितकाच सावकाश सोडा. नीट लक्ष दिलंत तर एक गंमत कळेल. श्वास घेताना ठोके थोडे लवकर पडतात, सोडताना जरा उशिरा. घाबरू नका, हे निरोगी हृदयाचं लक्षण आहे!

आपल्याला वाटतं, चांगलं हृदय म्हणजे घड्याळाची टिकटिक. पण मिनिटाला 72 ठोके ही झाली सरासरी. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं थोडं थोडं बदलत असतं. कारण मेंदूकडून येणाऱ्या काही नसा हृदयाला म्हणतात 'पळ', तर काही म्हणतात 'जरा दमानं!' 1987 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 808 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या ठोक्यांत हा चढउतार फारच कमी होता, त्यांच्या जिवाला धोका जास्त असल्याचं दिसलं.

हे कोडं सोडवायला शास्त्रज्ञांनी हाताशी धरली केऑस थिअरी. 1961 मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकाला 0.506127 ऐवजी 0.506 हा आकडा दिला. फरक इवलासा, पण पुढचं हवामान पार वेगळंच निघालं! नियम ठरलेले, तरी लांबचा अंदाज बांधता येत नाही, याला म्हणतात केऑस.

निरोगी हृदयाचा चढउतार म्हणजे खरोखर केऑसच का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण कल्पना कामाची आहे. 1992 साली ॲलन गारफिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या हृदयाचा तुकडा घेतला. औषध देऊन त्याचे ठोके बेताल केले. मग नेमक्या क्षणी विजेचे हलके झटके दिले, आणि बऱ्याच वेळा ठोके ताळ्यावर आले! मोठा धक्का नाही, योग्य वेळी दिलेला छोटासा टोला. माणसांसाठी मात्र हा उपचार अजून रूढ झालेला नाही.

आता घरातलंच पाहा. दोघा भावंडांना एकाच साथीचा ताप येतो. एक तिसऱ्या दिवशी खेळायला पळतो, दुसरा आठवडाभर अंथरुणात! शरीराचं गणित असं गुंतागुंतीचं असतं. म्हणूनच डॉक्टर 'दोन दिवसांनी पुन्हा दाखवा' म्हणाले, तर आईबाबांनी ते टाळू नये. आणि तुम्हाला कधी छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर आली, तर लपवू नका. लगेच घरी सांगा, बरं का!