धूर किती गेला, हे कसं मोजायचं?

‘दिवसाला किती ओढता?’ या प्रश्नाचं उत्तर बरेच जण कमी करून सांगतात. शेजारी बसून दुसऱ्याचा धूर घेणाऱ्याला तर ते सांगताच येत नाही. म्हणून रक्त, लघवी किंवा लाळेतलं कोटिनीन तपासतात. शरीरात निकोटिनचं रूपांतर होऊन ते बनतं. निकोटिन दोनेक तासांत निम्मं होतं. कोटिनीनला १६ ते २० तास लागतात. तरीही ही तपासणी मागच्या तीन-चार दिवसांचंच सांगते. शिवाय मशेरी लावणाऱ्या, तंबाखू मळणाऱ्या माणसातही कोटिनीन सापडतं, धुराशिवाय.

कर्करोगाचा धोका मात्र वर्षानुवर्षांच्या धुराने वाढतो. त्यासाठी डॉक्टर ‘पॅक-इयर’ काढतात: रोजची पाकिटं गुणिले वर्षं, पाकीट २० सिगारेटचं. या गुणाकारात एक मोठी उणीव आहे. रोज एक पाकीट ४० वर्षं किंवा रोज दोन पाकिटं २० वर्षं, आकडा एकच येतो. पण फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका पहिल्याला जास्त, कारण तिथे संख्येपेक्षा काळ भारी पडतो. म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तर किती वर्षं ओढली हे अगदी खरं सांगा. घरात दुसरं कुणी ओढत असेल, तर तेही सांगा.