तारीख सरकली म्हणून मुलीला वांझ ठरवू नका

मागच्या महिन्यात तीन तारखेला पाळी आली, म्हणजे या महिन्यातही तीन तारखेलाच यावी, असा आपल्याकडे हिशेब असतो. तारीख हुकली की आई धास्तावते. शेजारची एखादी बाई बोलून जाते, "लवकर लग्न उरका, नाहीतर पुढं मूल राहायचं नाही."

मुळात हा हिशेबच चुकीचा आहे. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत दिवस मोजायचे असतात. हे अंतर 21 ते 35 दिवस असेल तर काळजी नाही. एखादीची पाळी 35 दिवसांनी येत असेल, तर 3 मार्चनंतर ती 7 एप्रिलला आणि मग 12 मेला येईल. तारखा पळतात, पण पाळी नियमितच आहे. घरातल्या कॅलेंडरवर खूण करा. एका खोलीच्या घरात सगळ्यांसमोर खूण करायला मुलगी लाजत असेल, तर वहीच्या मागच्या पानावर लिहू द्या. डॉक्टरांना हेच पान सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती बसायला वेळ घेते. तेव्हा 45 दिवसांपर्यंतचे अंतर पडू शकते. मात्र तीन महिने पाळीच आली नाही, सात दिवसांपेक्षा जास्त अंगावरून गेले, तासा-दोन तासाला पॅड भिजू लागले किंवा पंधरा वर्षांची होऊनही पाळी सुरू झाली नाही, तर दवाखाना गाठा.

तिथे हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासतात, गरज पडली तर सोनोग्राफी करतात. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी साधारणपणे पोटावरूनच होते, त्या भीतीने घरी बसू नका. लघवीची तपासणी करून दिवस राहिलेत का तेही पाहतात. त्यावरून मुलीच्या चारित्र्याची चर्चा करू नये.

सोनोग्राफीत "पीसीओडी" लिहून आले की घरात रडारड होते. अंडाशयात गाठी झाल्या, असे आपण समजतो. त्या गाठी नसतात. पूर्ण न वाढलेल्या स्त्रीबीजांच्या त्या बारीक पिशव्या असतात. बीज दर महिन्याला बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते. पण अधूनमधून ते पडतेच, आणि अशा कित्येक जणींना मूल होते. काहींना औषध घ्यावे लागते. वजन जास्त असेल तर थोडे उतरले तरी फरक पडतो. लग्न केल्याने मात्र हा त्रास जात नाही! आणि मूल आत्ता नको असले तरी उपचार हवा, कारण महिनोन्‌महिने पाळी न आल्यास गर्भपिशवीचे आतले अस्तर जाड होत जाते.

आता वस्तीत फारसे न बोलले जाणारे कारण. क्षयरोग, म्हणजे टीबी, फक्त छातीचा नसतो. तो गर्भनलिकांना आणि गर्भपिशवीलाही होतो. खोकला नसतो, तापही नसू शकतो. पाळी कमी कमी होत जाते, ओटीपोटात दुखत राहते, तर कधी काहीच जाणवत नाही आणि मूल राहत नाही म्हणून तपासल्यावरच कळते. दाटीवाटीच्या घरात कोणाला टीबी होऊन गेला असेल तर सोयरीक मोडेल म्हणून आपण लपवतो. डॉक्टरांपासून लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, निदान सहा महिने घ्यावे लागते. उशीर झाला तर आजार बरा होतो, पण बंद झालेल्या नलिका उघडतीलच असे नाही.

लग्नानंतर वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी तपासणी करावी; पाळी फारच अनियमित असेल तर वर्षभर थांबूही नये. आपल्याकडे सुनेला चार दवाखाने आणि दोन बाबा दाखवून होतात, तोवर मुलाची एक तपासणी झालेली नसते. मूल न होणाऱ्या कितीतरी जोडप्यांत कारण पुरुषाकडे असते. वीर्याची तपासणी सोपी आहे, तिला सुई नाही, भूल नाही. तो रिपोर्ट हातात येईपर्यंत सुनेच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला घाईने होकार देऊ नका.