दाव्याला खुंटा हवाच : सायकलला कुलूप कसे लावाल?



बैल बांधताना नुसते दावे गळ्यात घालून आपण घरी जातो का? दुसरे टोक खुंट्याला बांधतो, गाठ ओढून बघतो, मगच पाठ फिरवतो. सायकलच्या बाबतीत मात्र आपण दावे घालतो आणि खुंटा विसरतो. मागच्या चाकाचे गोल कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली, की झाले काम, असा आपला समज असतो.

हे गोल कुलूप करते तरी काय? त्याची कडी आऱ्यांमधून जाते आणि चाक फिरू देत नाही. म्हणजे चोराला सायकलवर बसून पळता येत नाही, एवढेच. साध्या सायकलचे वजन वीस किलोच्या आसपास असते. सोयाबीनचे पोते उचलणाऱ्या गड्याला ते काय जड? सायकल उचलून टेम्पोत टाकली, की कुलूप आडोशाला नेऊन सावकाश तोडता येते. म्हणून गोल कुलूप एकटे लावायचे ते सायकल नजरेसमोर असेल तेव्हाच. आठवडी बाजार, एस.टी. स्टँड, मोंढा, औंढ्याची महाशिवरात्र, हिंगोलीचा दसरा, अशा गर्दीच्या ठिकाणी जोडीला साखळी हवीच.

साखळी आणि कुलूप

प्लॅस्टिकचे आवरण असलेली बारीक तार दिसायला छान, पण चांगल्या पकडीने ती तुटते. त्यापेक्षा जाड कड्यांची मीटरभर साखळी घ्यावी. कुलपाची कडी साखळीइतकीच जाड असावी. साखळी जाड आणि कुलूप पेटीचे, असे करून उपयोग नाही. साखळी जुन्या ट्यूबच्या तुकड्यात ओवून घ्यावी, म्हणजे सायकलचा रंग खरवडत नाही. कुलपात गोडेतेल घालू नये. ते चिकट होऊन धूळ धरते आणि कुलूप अडकते. शिलाई मशीनचे तेल थेंबभर पुरते.

बांधण्याची रीत

१) साखळी आधी फ्रेमच्या त्रिकोणातून, मग मागच्या चाकातून आणि शेवटी पक्क्या वस्तूभोवती न्यावी. नुसते पुढचे चाक बांधले, तर नट खोलून चाक तिथेच ठेवतील आणि बाकीची सायकल नेतील.

२) साखळीला ढील ठेवू नये. साखळी किंवा कुलूप जमिनीला टेकू देऊ नये, टेकले तर वर हातोडा मारणे सोपे जाते. किल्लीचे भोक खाली राहील असे पाहावे, पावसाचे पाणी जात नाही.

३) खुंटा पक्का असावा. खिडकीचे जाड गज, लोखंडी कठडा, मोठे झाड चालेल. हाताने हलणारा किंवा वरून सायकल काढून घेता येईल असा आखूड खांब नको.

४) विजेचा खांब, त्याचा ताण किंवा डीपीच्या कुंपणाला सायकल कधीही बांधू नये. पावसाळ्यात तिथे करंट उतरू शकतो. सायकलपेक्षा जीव मोलाचा.

शेतावर जातानाही हेच करावे. तूर, कापूस डोक्याएवढा झाला, की रस्त्यावरची सायकल आतून दिसत नाही. ती आत घेऊन बांधावरच्या झाडाला साखळीने बांधावी.

कागद जपून ठेवा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. चोरीचे कलम आता ३०३ आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असली, तर गुन्हा अदखलपात्र धरला जातो आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या सायकली याच किमतीच्या. म्हणजे सायकल गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी नीट बांधणे हाच खरा उपाय. तरीही तक्रार जरूर द्यावी. खरेदीची पावती ठेवावी आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर वहीत लिहावा. हा नंबर बहुधा पायडलच्या धुरीखाली किंवा सीटच्या नळीवर असतो. नंबर नसेल, तर सापडलेली सायकल आपलीच हे दाखवणार कसे? जुनी सायकल घेतानाही पावती मागावी.

ग्रामपंचायत व शाळांसाठी

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. अशी एक सायकल गेली, की त्या मुलीची रोजची पायपीट सुरू होते, आणि घरचे म्हणतात, "आता राहू दे शाळा." म्हणून मुख्याध्यापकांनी सायकलींच्या नंबरांची नोंदवही ठेवावी. एक प्रत पोलीस पाटलांकडे द्यावी.

सरपंच व ग्रामसेवकांनी शाळा, ग्रामपंचायत आणि बाजारतळावर सायकलींसाठी खुंटे करून द्यावेत. लोखंडी पाइप उलट्या यू आकारात वाकवून दोन्ही टोके सिमेंट-काँक्रीटमध्ये गाडली, की एका पाइपला दोन सायकली बांधता येतात. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराच्या नावाने हा साधा स्टँड जगभर ओळखला जातो. आपल्या गावचा वेल्डर तो एका दिवसात करून देईल. जागा मात्र लोकांच्या नजरेतली आणि उजेडाची निवडावी, इमारतीच्या मागची नको.

येत्या बाजाराला निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्या सायकलींचे नंबर एका कागदावर उतरवून घ्या. आणि कुलूप लावल्यावर, बैलाचे दावे ओढून पाहता तशी साखळी एकदा ओढून पाहा.