आपल्या हाताखालचीं माणसें

परीक्षा जवळ आली कीं वर्गांतील एखादा हुशार विद्यार्थी आपली वही दप्तराच्या अगदीं तळाशीं ठेवूं लागतो. शेजाऱ्यास गणित समजलें तर आपला पहिला नंबर जाईल, ही त्याची भीति! वास्तविक, तें उदाहरण शेजाऱ्यास समजावून देतांनाच आपणांस तें कितपत समजलें आहे याची खरी परीक्षा होते. परंतु हा विचार त्यास शिवत नाहीं. पुढें हाच मुलगा कचेरींत हेडक्लार्क झाला म्हणजे कोणता कागद कोठें आहे हें हाताखालच्या कारकुनास कळूं देत नाहीं. आपल्यावांचून काम अडतें यांत त्यास मोठी धन्यता वाटते. मात्र वरची जागा रिकामी झाली असतां साहेबांस प्रश्न पडतो कीं, ह्यास वर चढविलें तर येथलें काम कोण पाहील? आणि त्याचें नांव मागें पडतें. ज्यानें आपली जागा चालविणारा मनुष्य तयार केला, त्यासच ती सोडून वर जातां येतें. विद्यार्थिमित्रहो, ही गोष्ट बोलावयास सोपी, पण मोठमोठ्यांनाही ती शेवटपर्यंत साधत नाहीं. सर हंफ्रे डेव्ही आणि मायकेल फॅरेडे या दोन इंग्लिश शास्त्रज्ञांची हकीकत पाहावी.

डेव्ही हा कॉर्नवॉल परगण्यांतील एका लांकडावर नक्षी करणाऱ्याचा मुलगा. तो एका वैद्याजवळ उमेदवारी करीत असतां ब्रिस्टलच्या डॉक्टर बेडोझ यांनीं त्याचे गुण ओळखून १७९८ सालीं त्यास आपल्या संस्थेंत घेतलें; तेथून तीन वर्षांनीं तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें गेला. म्हणजे तो स्वतःही दुसऱ्याच्या आधारानेंच वर आला होता.

१८१२ सालीं त्याच्या व्याख्यानांस पुस्तकें बांधणारा एक वीस वर्षांचा उमेदवार येऊन बसे. हाच फॅरेडे. बाप लोहार; लिहिणें, वाचणें आणि हिशेब यांपलीकडे शाळा ठाऊक नाहीं. त्यानें चार व्याख्यानांचीं टिपणें स्वच्छ लिहून काढलीं, स्वतःच्या हातानें त्यांचें पुस्तक बांधलें आणि डिसेंबर महिन्यांत तें डेव्हीकडे धाडलें. डेव्हीनें उत्तर मोठें ममतेचें पाठविलें. पण भेटींत सल्ला दिला कीं, बाबा, आपला धंदा सोडूं नकोस. पुढें प्रयोगशाळेंतील नोकर मारामारी केल्यामुळें काढला गेला, तेव्हां त्यास ह्या मुलाची आठवण झाली. १ मार्च १८१३ रोजीं आठवड्यास २५ शिलिंग पगारावर फॅरेडेची नेमणूक झाली.

पगार थोडा होता. पण त्याबरोबर जें मिळालें तें पैशानें मिळणारें नव्हतें. डेव्हीनें त्यास केवळ बाटल्या धुण्यास ठेविलें नाहीं. धोक्याच्या प्रयोगांत त्यास जवळ उभें केलें, आणि त्याच वर्षीं आपल्याबरोबर युरोपच्या प्रवासास नेलें. अँपियर, व्होल्टा यांसारखे पंडित त्यास प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. त्या प्रवासांत त्याच्याकडून चाकराचींही कामें करून घेण्यांत आलीं, हें येथें लपविण्याचें कारण नाहीं.

१८१५ सालीं दोघे परत आले. कोळशाच्या खाणींत उघड्या दिव्यामुळें वायु पेटून माणसें मरत. डेव्हीनें ज्योतीभोंवतीं तारेची बारीक जाळी बसविली. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, म्हणून बाहेरचा वायु पेट घेत नाहीं. ह्या दिव्याचें काम कांहीं महिन्यांत पुरें झालें, आणि त्यांत फॅरेडेचे हात होते. डेव्हीनें हें साहाय्य छापून मान्य केलें. त्यामुळें डेव्हीचें कांहीं उणें झालें काय? १८१८ सालीं त्यास बॅरोनेट हा किताब मिळाला, आणि १८२० सालीं तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

येथवर सर्व ठीक. पण १८२१ सालीं फॅरेडेनें विजेचा प्रवाह सोडलेली तार चुंबकाभोंवतीं फिरती ठेवून दाखविली आणि त्याचें नांव युरोपभर झालें. ही कल्पना वोलॅस्टन यांची, अशी कुजबूज उठली. डेव्हीनें शिष्याची बाजू घेतली नाहीं. पुढें फॅरेडेचें नांव रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं सुचविण्यांत आलें, तेव्हां अध्यक्षांनींच तें मागें घेण्यास सांगितलें. फॅरेडेनें नम्रपणें कळविलें कीं, नांव मीं सुचविलेलें नाहीं, मीं कसें मागें घ्यावें? ८ जानेवारी १८२४ रोजीं तो निवडला गेला. विरुद्ध मत एकच पडलें. मतदान गुप्त असल्यामुळें तें कोणाचें हें सांगतां येत नाहीं. परंतु लोकांनीं काय तर्क केला असेल तो वाचकांनींच करावा. ज्या कीर्तींत डेव्हीचा न्याय्य वांटा होता, तिलाच तो भ्याला. माझ्या मतें त्या सबंध चरित्रांत एवढाच प्रसंग लहान मनाचा आहे. कारण पुढल्याच वर्षीं त्याच्याच शिफारशीवरून फॅरेडे प्रयोगशाळेचा संचालक झाला.

डेव्ही १८२९ सालीं जिनिव्हा येथें वारला. चुंबकापासून वीज उत्पन्न करण्याचा फॅरेडेचा १८३१ सालचा शोध त्यास पाहावयास मिळाला नाहीं. मृत्यूनंतर त्याचें चरित्र लिहिणाऱ्या गृहस्थांनीं फॅरेडेकडे माहिती मागितली. फॅरेडेनें जुन्या तंट्याचा पाढा वाचला नाहीं. १८१२ सालच्या डिसेंबरांत डेव्हीनें त्यास धाडलेलें तें उत्तर सतरा वर्षें त्यानें जपून ठेविलें होतें. तें मूळ पत्रच त्यानें पाठवून दिलें, आणि खालीं विनंती केली कीं, ह्याची फार काळजी घ्यावी व काम झालें म्हणजे तें मला परत करावें.