विश्लेषण : कंपनीच्या सिस्टीममध्ये माहिती असूनही सापडत का नाही?

खरेदी विभाग ज्याला ‘व्हेंडर’ म्हणतो, त्यालाच स्टोअरमध्ये ‘पार्टी’ म्हणतात आणि अकाउंट्समध्ये ‘क्रेडिटर’. पुरवठादार एकच, नावं तीन. सिस्टीममध्ये तो सापडला नाही की कुणीतरी नवी नोंद करून मोकळं होतं. एकाच पुरवठादाराचे दोन कोड झाले, की एकच बिल दोनदा चुकतं होण्याचा धोका वाढतो.

अडचण कुठे आहे?
डेटाबेसची रचना बहुतेक वेळा आयटी विभाग ठरवतो. टेबलं कशी जोडायची हे त्यांना कळतं. पण कोणती गोष्ट कशाखाली शोधली जाईल, हे रोज वापरणाऱ्यालाच ठाऊक असतं. माहितीची नावं, गट आणि तिथवर जाणाऱ्या वाटा ठरवणं म्हणजेच ‘इन्फर्मेशन आर्किटेक्चर’.

‘कार्ड सॉर्टिंग’ म्हणजे काय?
एका कार्डावर एक विषय लिहायचा : रजेचा अर्ज, जीएसटी बिल, मशीनचं ड्रॉइंग. कर्मचाऱ्यांनी कार्डांचे गठ्ठे लावायचे आणि गठ्ठ्यांना आपल्या शब्दांत नावं द्यायची. जेकब नील्सन आणि डॅरेल सॅनो यांनी १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या अंतर्गत वेबसाठी हीच पद्धत वापरली होती.

किती जणांना विचारायचं?
टुलिस आणि वूड यांच्या २००४ च्या अभ्यासात १६८ जण होते. त्यातल्या फक्त १५ जणांचे निकालही संपूर्ण गटाच्या निकालाशी ०.९० इतके जुळले. त्यामुळे नील्सन १५ जण पुरेसे मानतात. मात्र ते सगळे एकाच विभागातले नकोत.

रचना जमली हे कसं कळणार?
त्यासाठी ‘ट्री टेस्टिंग’. रंग, बटणं काही नाही. फक्त मेनूतले शब्द दाखवायचे आणि काम सांगायचं : ‘पुरवठादाराचं बँक खातं बदलायचंय, कुठे जाल?’ बरेच जण एकाच ठिकाणी चुकत असतील, तर दोष मेनूचा. कोडिंगआधीच तो सापडला, तर दुरुस्ती स्वस्तात होते.

मग सगळं कर्मचाऱ्यांनीच ठरवायचं?
नाही. कोणती माहिती कोणाला दिसावी आणि कायद्याने किती वर्षं जपावी, हे कंपनीनेच ठरवायचं. अधिकृत नावही एकच हवं. पण ‘पार्टी’ टाइप केलं तरी ‘व्हेंडर’ची नोंद समोर यायला हवी. नाहीतर लाखोंची सिस्टीम बाजूला राहते आणि खरा हिशेब कुणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये चालतो.