पात्याने घडवलेला नाताळ

नाताळाच्या झाडावर टांगायचा लाकडी तारा, पातळ प्लायवूडमधला हिमकण किंवा हातभर उंचीच्या चौकटीत कोरलेला येशूजन्माचा देखावा यांची नक्षी सुचते कलाकाराला, पण ठरवते ती करवत. ती करवत म्हणजे स्क्रोल सॉ. सुमारे 130 मिलिमीटर लांबीचे, दोऱ्यासारखे बारीक पाते दोन्ही टोकांना घट्ट ताणून धरायचे आणि मोटरच्या जोरावर मिनिटाला शेकडो वेळा वरखाली हलवायचे, एवढेच तिचे काम. पाते जागचे हलत नाही. फिरवायचे ते लाकूड, आणि तेही दोन्ही हातांनी. अमेरिकेत आणि युरोपात थंडीच्या सुरुवातीला अनेक घरांच्या गॅरेजांत ही यंत्रे सुरू होतात. त्यांतून निघणाऱ्या वस्तूंची एक ओळखू येणारी शैली आहे. ती परंपरेतून आली असे मानले जाते, पण माझ्या मते तिचा मोठा वाटा या बारीक पात्याच्या अडचणींतून आलेला आहे.

अडचणी पाहा. नक्षीतले आतले भोक कापायचे तर आधी ड्रिलने छिद्र पाडावे लागते, पात्याचे एक टोक सोडवून त्या छिद्रातून ओवावे लागते, पुन्हा ताणावे लागते आणि मग कापता येते. शंभर भोकांची जाळी म्हणजे शंभर वेळा हा उद्योग. आणि चारही बाजूंनी कापलेला भाग खाली पडणारच. म्हणून आतल्या प्रत्येक आकाराला बाहेरच्या कडेशी जोडणारा लाकडाचा पूल नक्षीतच ठेवावा लागतो. देवदूताचे पंख झग्याला का टेकतात, मेंढपाळाची काठी जमिनीत का रोवलेली असते, घंटेचा लोलक एका बाजूला का चिकटलेला असतो, याचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते. पात्याचा आणखी एक स्वभाव आहे. साचा दाबून तयार केलेल्या स्वस्त पात्यांच्या दात्यांना एका बाजूला बारीक कुस राहते, त्यामुळे पाते त्या बाजूला ओढ घेते आणि लाकूड थोडे तिरके धरून पुढे सारावे लागते. परिणामी या यंत्रावर सर्वांत अवघड आकार कोणता, तर सरळ रेष; अर्ध्या मिलिमीटरचा बाकही डोळ्याला खुपतो. वळण मात्र थोडे चुकले तरी वळणच राहते. स्क्रोल सॉच्या नक्षीत वेली, लाटा आणि वळसे यांची रेलचेल असते ती यामुळे.

हत्यार बदलले की वस्तू बदलते, याचा चांगला पुरावा जर्मनीतल्या सॅक्सनीच्या एर्त्सगेबिर्गे डोंगराळ भागात आहे. तिथे नाताळात खिडकीत मेणबत्त्यांची कमान ठेवतात, तिला श्विबबोगन म्हणतात. आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी कमान 1740 सालची, योहानगेओर्गनश्टाट या खाणगावातली, आणि ती धातूची आहे. धातूची कमान तापवून, ठोकून, वाकवून होते. तिच्यातली चित्रे लोखंडाच्या कलाने उमटतात. पुढे हाच आकार प्लायवूडमध्ये उतरला, तो कोपिंग करवतीसारख्या हातकरवतीने, आणि मग चित्रे सपाट छायाकृती झाली. 1937 मध्ये श्वार्झेनबेर्ग शहरातल्या प्रदर्शनासाठी पाउला योर्डान यांनी केलेल्या रचनेत दोन खाणकामगार, लाकूड कोरणारा आणि लेस विणणारी बाई होती. त्याच मंडळींच्या छायाकृती आज हजारो लाकडी कमानींवर दिसतात. मेणबत्तीचा उजेड मागून पडत असल्याने करवतीची ती सपाट भाषा शोभतेही.

इंग्लंड-अमेरिकेत करवतीने नक्षी कापण्याचे वेड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरले. इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या डब्ल्यू. एफ. अँड जॉन बार्न्स कंपनीने पायाने चालणारी यंत्रे विकली. शिवणयंत्रासारखे पायडल मारायचे आणि वर करवत चाले. नॉरफॉकमधल्या डेरेहॅमच्या हॉबीज कंपनीचे साप्ताहिक 1895 पासून निघू लागले आणि नमुन्याचे कागद देत राहिले. म्हणजे यंत्राइतकाच नमुनाही विकाऊ होता. आजही तोच मार्ग आहे: कागदावरचा नमुना लाकडावर चिकटवायचा आणि रेषेवरून हात न्यायचा.

करवतीच्या या कामावर पहिला आक्षेप सरळ आहे. हे सगळे काम लेझर आता कितीतरी वेगाने करतो, मग एवढा खटाटोप कशाला? आक्षेपात तथ्य आहे. तीन मिलिमीटर प्लायवूडची सपाट जाळी लेझरकडे सोपवणे शहाणपणाचे आहे. महाराष्ट्रात गणपतीच्या मखरांसाठी एमडीएफची कापलेली जाळी बाजारात भरली आहे, आणि ती हाताने कापावी असे कोणी म्हणणार नाही. लेझरला छिद्रातून ओवायचे नसते, म्हणून भोकांची संख्या वाढली तरी त्याला काही वाटत नाही. पण त्याने अडचण काढली तसा संयमही काढला. त्याच्या नक्षीत बहुधा गरजेपेक्षा जास्त भोके असतात आणि कडा करपलेल्या असतात.

खरा फरक मात्र तिसऱ्या मितीत आहे. चार सेंटिमीटरच्या आसपास जाडीची चौकोनी लाकडी दांडी घ्या. नमुन्याचा कागद दुमडून तिच्या लगतच्या दोन बाजूंवर चिकटवा. एका बाजूने हरणाची आकृती कापा, सुटलेले तुकडे जागेवर बसवून चिकटपट्टीने बांधा, दांडी पाव फेरा फिरवा आणि दुसऱ्या बाजूची आकृती कापा. शेवटी टाकाऊ तुकडे काढले की आतून चारही बाजूंनी गोलाई असलेले हरण निघते. इंग्रजीत याला कंपाउंड कट म्हणतात. लेझरची किरणे एवढ्या जाड लाकडात काळीठिक्कर खोबणी करतील. पात्याला मात्र हा रोजचा खेळ आहे. टेबल थोडे तिरके करून दोन वेगळ्या रंगांची लाकडे एकदम कापली, की एकाचा तुकडा दुसऱ्यात फट न राहता बसतो. हे तिरके कापणेही सपाट लेझरच्या आवाक्याबाहेरचे आहे.

दुसरा आक्षेप असा की मोटर फिरते, तर हे हस्तकाम कसले? मोटर फक्त पाते हलवते. इथे ना मार्गदर्शक पट्टी, ना संगणक. रेष हातानेच पाळायची, आणि रेषेवरून भरकटलेला पंख परत जोडता येत नाही. पैशाच्या दृष्टीने मात्र फार भोळे राहू नये. प्लायवूडचे चार-पाच थर चिकटपट्टीने बांधून एकदम कापले तरी तासाचा मेहनताना सुटणे कठीणच. म्हणून हे तारे विकण्यापेक्षा भेट म्हणून जास्त दिले जातात, आणि ते योग्यच आहे.

ज्याला यंत्र घ्यायचे असेल त्याने ताकदीकडे किंवा वेगाच्या आकड्याकडे पाहू नये. टोकाला पिन असलेली पातीच चालणारे यंत्र टाळावे, कारण पिन ओवायला मोठे छिद्र लागते आणि बारीक नक्षी तिथेच संपते. बिनपिनाचे पाते हाताने, अवजाराविना आणि काही सेकंदांत सोडवता-बांधता येते का, हे दुकानातच बघून घ्यावे.